चंद्रपूरच्या धुळीत उल्का शोधताना

चंद्रपुरातल्या कुठल्याही स्लॅबवरची धूळ पन्हाळीच्या तोंडाशी गोळा करा आणि त्यात चुंबक फिरवा. काळ्या कणांची दाढीच लोंबू लागते. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचा, म्हणजे तो काढून घेतला की कण ताटलीत गळून पडतात. मग धुणे, वाळवणे, चाळणे. सूक्ष्मदर्शकाखाली चकचकीत, नितळ काळे गोळे दिसतात आणि उल्का गवसल्याच्या आनंदात माणूस हुरळतो.

नॉर्वेच्या जॉन लार्सन यांनी ओस्लो, पॅरिस अशा शहरांतल्या छपरांच्या गाळातून सुमारे 500 सूक्ष्म उल्का वेचल्या. त्यावरचा शोधनिबंध 2017 साली आला. पण ओस्लोच्या उशाशी चंद्रपूरसारखे 2920 मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र नाही! इथे कोळशातली माती भट्टीत वितळते, हवेतच गोल होते आणि राखेबरोबर बाहेर पडते. वेल्डिंगची ठिणगीही गोलच गोठते. शिवाय सेलच्या (स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया) इथल्या कारखान्यात मँगनीजचे मिश्रधातू तयार होतात. आकार आणि चुंबक, दोन्ही साक्षीदार इथे फितूर.

म्हणून कण रेझिनमध्ये बसवून घासतात, आतला छेद उघडा करतात आणि त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडतात. बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांवरून पडद्यावर एकेका मूलद्रव्याचे शिखर उभे राहते. सिलिकॉनसोबत अ‍ॅल्युमिनियम उंच, जवळ पोटॅशियम, टायटॅनियम दिसले की ती बहुधा राख. लोखंडाशेजारी मँगनीज किंवा क्रोमियम आले, तर संशय वेल्डिंगवर वा भट्टीवर. खडकाळ सूक्ष्म उल्केत मॅग्नेशियम सिलिकॉनच्या तोडीचे असते, अ‍ॅल्युमिनियम जेमतेम. सोडियम, पोटॅशियम तर वातावरणात शिरतानाच बरेचसे उडून गेलेले. लोखंडी जातीत ऑक्साइडच्या कवचाआड कधी निकेलयुक्त धातूचा मणी सापडतो. मात्र एकट्या निकेलवर भिस्त ठेवू नये. ते स्टेनलेस स्टीलमध्येही असते, फक्त तिथे क्रोमियम बरोबर येतेच. उलट, अस्सल कणातला मणी वाटेतच निसटलेला असू शकतो.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हिंदी महासागराच्या तळाचा गाळ चुंबकाने चाळून असे गोळे मिळवले आहेत. तिथे गाळ अगदी सावकाश साठतो आणि कारखान्यांची धूळ फारशी पोचत नाही. आपल्याकडे त्यातल्या त्यात बरी जागा म्हणजे कारखान्यांपासून दूर, भामरागडकडची एखादी शाळा, स्लॅब असलेली. सूरजागडच्या लोहखनिजाची धूळ तिथवर आली तरी ती ओबडधोबड, लालसर. भिंगाखालीच बाद करता येते. चंद्रपुरात मात्र प्रत्येक गोळ्याचा छेद घ्यावा लागतो.