जुने घर दुरुस्त करताय? ऊब आणि गरम पाण्याची सोय आधी ठरवा

जिंतूर परिसरात कडाक्याची थंडी थोडेच दिवस असते, पण थंडीच्या लाटेत परभणी जिल्ह्यात पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो. वृद्ध, दम्याचे रुग्ण, बाळंतीण आणि तान्हे बाळ यांना तेव्हा ऊब लागतेच. ती कशाने द्यायची, हे दुरुस्ती काढतानाच ठरवावे.

दुरुस्तीने काय बदलते?

माळवदाच्या घरात छताचा झरोका आणि दारांच्या फटींतून धूर बाहेर जातो. स्लॅब पडला, काचेच्या सरकत्या खिडक्या बसल्या की ही वाट बंद होते. वर्षानुवर्षे वापरलेली शेगडी मग जीवघेणी ठरू शकते.

धोका कशाचा?

कोळसा, लाकूड किंवा गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. धूर न येणाऱ्या लालबुंद निखाऱ्यांतूनही तो निघतो. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. गर्भातील बाळाला त्याचा धोका विशेष असतो.

काय निवडावे?

नियम एकच: जे जळते ते घराबाहेर ठेवा.

- बंब, चूल: अंगणात किंवा उघड्या पडवीत.
- गॅस गीझर: न्हाणीघरात कधीही नको. बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर बसवून गरम पाणी पाइपने आत आणावे.
- विजेचा गीझर: जुन्या वायरिंगवर जोडू नये. स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचा पॉइंट, चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आवश्यक.
- सोलर हीटर: स्लॅब टाकतानाच टाकीची जागा व पाइप ठरवावेत.
- खोलीसाठी: तेलभरला विजेचा हीटर बरा. अंथरूण, पडदे किमान १ मीटर दूर.

दुरुस्तीत प्रत्येक खोलीला समोरासमोर हवेची वाट ठेवावी; पण तेवढ्यावर विसंबून शेगडी आत आणू नये.

बाळंतिणीची खोली

बाजेखाली शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेण्याची पद्धत सोडावी. बाळाला आईच्या छातीशी उघड्या त्वचेवर ठेवून वर पांघरूण घालावे. टोपी, मोजे घालावेत. ही ऊब पुरेशी आणि सुरक्षित असते.

मधुमेही रुग्णांसाठी

पायांची संवेदना कमी असेल तर शेक किंवा गरम पाण्याची पिशवी पायांना लावू नये. भाजलेले कळत नाही आणि जखम चिघळते. सुती मोजे वापरावेत.

धोक्याची लक्षणे

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गुंगी. घरातील अनेकांना एकाच वेळी त्रास होणे आणि बाहेर गेल्यावर बरे वाटणे ही मोठी खूण आहे.

अशा वेळी रुग्णाला तत्काळ मोकळ्या हवेत आणा, शक्य असल्यास आग व गॅस बंद करा आणि १०८ वर फोन करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसले तरी निश्चिंत राहू नका. या विषबाधेत ते यंत्र फसते. रुग्णाला ऑक्सिजनची गरज असते. बरे वाटले तरी दवाखान्यात न्यावे आणि "खोलीत शेगडी होती" किंवा "गॅस गीझर सुरू होता" हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्या एका वाक्याने निदान लवकर होते.