कमी ऐकू येणं हा मेंदूचाही प्रश्न आहे

रायगड जिल्ह्यातल्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या कितीतरी वाड्यांत घरची तरणी माणसं मुंबईला असतात आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचं मुला-नातवंडांशी बोलणं होतं ते मोबाइलवर. समोरच्याचे ओठ दिसत नसले की अधू कानाची पंचाईत तिथेच सर्वांत आधी होते. घरचे म्हणतात, ‘वयच झालं आता’, आणि विषय संपतो. तो तिथे संपू नये, कारण त्यात मेंदूही गुंतलेला आहे. वयानुसार अंतर्कर्णातल्या सूक्ष्म केसपेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत. आधी उंच पट्टीचे ध्वनी जातात, म्हणून स, श, फ यांसारखी अक्षरं पुसट होतात. आवाज येतो, पण शब्द लागत नाही. मुंबईच्या कापडगिरणीत साचाखात्याच्या गोंगाटात उमेदीची वर्षं काढलेल्यांच्या कानांवर तर वयाआधीच घाव पडलेला असतो. निसटलेला शब्द मेंदू अंदाजानं भरून काढतो आणि त्यात लक्ष खर्ची पडतं, म्हणून ऐकलेलं ध्यानात ठेवायला बळ कमी उरतं. पुढे चारचौघांत बसणंच नकोसं होतं. बाल्टिमोरमधल्या वृद्धांच्या मेंदूचे स्कॅन वर्षानुवर्षं काढून केलेला अभ्यास 2014 साली आला. कमी ऐकू येणाऱ्यांच्या मेंदूचा, विशेषतः बोलणं समजून घेणाऱ्या भागाचा, आकार अधिक वेगानं घटत होता.

यावर रास्त आक्षेप आहे: रक्तदाब, मधुमेह आणि वय ही कानाचीही शत्रू आहेत आणि मेंदूचीही, मग दोष कानाला का द्यायचा? अमेरिकी कानतज्ज्ञ फ्रँक लिन यांच्या 2011 च्या अभ्यासात सुरुवातीला स्मृतिभ्रंश नसलेले 639 लोक होते. ज्यांना तेव्हा थोडं कमी ऐकू येत होतं त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट, मध्यम बहिरेपणात तिप्पट दिसला. वय, रक्तदाब, मधुमेह यांचा हिशेब धरूनही हे नातं टिकलं, तरी एवढ्यानं कारण सिद्ध होत नाही. म्हणून प्रयोग हवा होता. तो 2023 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सत्तरी ओलांडलेल्या 977 जणांपैकी निम्म्यांना श्रवणयंत्रं दिली. तीन वर्षांनी सगळ्यांचा मिळून विचार केला तर बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. पण ज्यांचं वय जास्त, उत्पन्न नि शिक्षण कमी, रक्तदाब-मधुमेहाचं प्रमाण अधिक, अशा गटात बुद्धीची घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. एका उपगटाचा निष्कर्ष जपूनच वापरावा. तरीही आपल्या डोंगरी गावांतले म्हातारे प्रयोगातल्या बाकीच्या धडधाकट स्वयंसेवकांपेक्षा या गटाच्याच जवळचे आहेत, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी हानी, म्हणजे कमी ऐकू येण्यालाच स्मृतिभ्रंश समजण्याची, तर कुठल्याही प्रयोगाची वाट न बघता टाळता येते. प्रश्न नीट ऐकू न आल्यानं भलतंच उत्तर देणाऱ्या आजीला भ्रमिष्ट ठरवण्याआधी तिच्या कानातला मळ बघावा, ऐकण्याची चाचणी करावी. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून 65 वर्षांवरील पात्र व्यक्तींना सहाय्यभूत साधनांसाठी 3000 रुपये मिळतात, पण मशीन हाती पडून भागत नाही. प्रयोगातल्या लोकांना तज्ज्ञांनी कानाप्रमाणे यंत्र बसवून दिलं, वापरायला शिकवलं, पुन्हा पुन्हा तपासलं. तेवढ्यासाठी पोलादपूरच्या म्हाताऱ्यानं शंभर किलोमीटरच्या वर जिल्ह्याच्या ठिकाणी अलिबागला खेपा घालाव्यात ही अपेक्षा निष्ठुर आहे. ठरलेल्या दिवशी श्रवणतज्ज्ञ महाडच्या सरकारी रुग्णालयात बसावा आणि यंत्र दिलेल्या प्रत्येकाला महिन्याभरात परत बोलवावं.