मराठी अक्षराचा छापखान्यांतील प्रवास

शोध म्हणजे एका दिवशीं लागून पूर्ण झालेली वस्तु, अशी आपली बहुधा समजूत असते. परंतु आपल्या हातांतील साधें छापील पान घेतलें, तरी ती समजूत किती अपुरी आहे हें आम्हांस दाखवितां येईल.

सुट्या खिळ्यांनीं छापण्याची कला युरोपांत गुटेनबर्ग यानें सुमारें १४५० सालीं सिद्ध केली. १५५६ सालीं छापण्याचें यंत्र गोव्यास उतरलें. पण यंत्र आलें तरी मराठी अक्षर आलें नव्हतें! फादर स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' भाषेनें मराठी. तें १६१६ सालीं छापलें गेलें मात्र रोमन लिपींत.

अडचण कोठें होती? इंग्रजी वर्ण अवघे सव्वीस. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि शेंकडों जोडाक्षरें. एकट्या 'क'चींच बाराखडींत बारा रूपें. प्रत्येक रूपाचा खिळा निराळा ओतावयाचा, म्हणजे केवढा खटाटोप! म्हणून कारागिरांनीं अक्षरांचे तुकडे पाडले; अर्धा 'स' निराळा, मात्रा निराळी. ते तुकडे जुळारी पुन्हा जुळवी.

हें काम एकट्याचें नव्हे. बंगाल्यांत श्रीरामपूर येथें केरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं देवनागरी खिळ्यांनीं छापलें गेलें. पुढें मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यांनीं अधिक सुबक खिळे पाडले. शाईंत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील कागदास शिवत नसत. तेव्हां गणपत कृष्णाजी यांनीं तुपाची शाई केली असें सांगतात. त्यांनीं १८३१ सालीं शिळाछापावर पंचांग काढलें. मिशनच्याच छापखान्यांत लहानपणीं खिळे घासणाऱ्या जावजी दादाजी यांनीं १८६४ सालीं स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला व १८६९ सालीं 'निर्णयसागर' छापखाना उभारला. खिळे घासणारा मुलगा खिळ्यांचा धनी झाला!

आज शिशाचे खिळे बहुतेक मागें पडले असून संगणक अक्षरें जुळवितो. १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोडांत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास व चिन्हास एकेक क्रमांक दिलेला आहे. म्हणजे तुकडे पाडून पुन्हा जोडण्याची ती जुनीच युक्ति नव्या हातांत आली.

यावरून आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, यंत्र विकत आणतां येतें. तें आपल्या भाषेस जुळवून घेण्याचे श्रम मात्र आपले आपणच केले पाहिजेत. मागच्यांनीं आपला वांटा उचलला. विद्यार्थिमित्रहो, उरलेली अडचण तुमच्यासाठीं ठेविलेली आहे.