पायाशी बसणारे वैद्यक

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो. अटकेच्या रात्रीचे ते शेवटचे जेवण. धुळीने माखलेले पाय धुणे हे त्या काळच्या पॅलेस्टाइनमध्ये दासाचे काम होते. गुरूने कमरेला रुमाल गुंडाळून खाली बसावे हे पेत्राला सोसत नाही आणि तो आधी नकारच देतो. या प्रसंगावर प्रवचने पुष्कळ झाली. त्यांतल्या बहुतेकांचा रोख सेवा करणाऱ्याच्या मनावर असतो: अहंकार सोडा, लहान व्हा. हा अर्थ चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे असे मला वाटते. गुरू खाली बसतो तेव्हा त्याची जागाही बदलते, आणि पंगतीत बसलेल्याला जे कधीच दिसले नसते ते पायाशी बसलेल्याला दिसते. नम्र सेवेने सेवकाचा स्वभाव सुधारत असेलही. पण दुसऱ्याच्या दुःखाचे खरे ज्ञान मिळवण्याचा तो एक मार्ग आहे, हे अधिक महत्त्वाचे. कुष्ठरोगावरील उपचारांच्या इतिहासात याचा ठसठशीत पुरावा सापडतो.

तामिळनाडूतील वेल्लोर येथे आयडा स्कडर या मिशनरी घराण्यातील डॉक्टर स्त्रीने 1900 साली एका खाटेवर दवाखाना सुरू केला. 1918 मध्ये तिने मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली आणि त्यातून आजचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज उभे राहिले. सेवा करून घ्यायला नव्हे तर करायला आलो, अशा आशयाचे मार्काच्या शुभवर्तमानातील वचन हेच या संस्थेचे बोधवाक्य. 1946 मध्ये पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक तेथे रुजू झाले. कोल्ली डोंगरात काम करणाऱ्या मिशनरी दांपत्याचे हे चिरंजीव. डॉक्टर होण्यापूर्वी त्यांनी बांधकामाची आणि सुतारकीची कामे शिकून घेतली होती. कुष्ठरोगतज्ज्ञ रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्यांना चेंगलपट्टूची कुष्ठरुग्णांची वसाहत दाखवली. तेथे वाकड्या बोटांच्या एका रुग्णाचा हात त्यांनी हातात घेतला आणि दाबायला सांगितले. पंजा निकामी झालेला असेल अशी त्यांची समजूत होती; प्रत्यक्षात पकड इतकी घट्ट बसली की ते कळवळले. याचा अर्थ काही स्नायू शाबूत होते. मग ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक हातांचे स्नायू तपासले. लुळेपणाला ठराविक क्रम असतो हे त्यांच्या ध्यानात आले आणि चांगल्या स्नायूंच्या कंडरा वळवून बोटे पुन्हा चालती करण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. ज्याला शिवायलाही लोक धजत नसत त्याचा हात हाती घेतल्यावाचून यातले काहीच कळले नसते.

यापुढची गोष्ट याहून मोलाची आहे. कुष्ठरोगात मांस आपोआप सडते, बोटे झडून पडतात, असे सामान्य लोक मानत आणि कित्येक डॉक्टरही. ब्रँड रुग्णांच्या रोजच्या जगण्याकडे बारकाईने पाहू लागले. गंजलेले कुलूप त्यांना स्वतःला उघडेना, ते एका मुलाने किल्ली फिरवून सहज उघडले. पाहतात तर त्याचे बोट हाडापर्यंत कापलेले, आणि त्याला पत्ताच नाही. काहींच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत. रात्री पहारा ठेवला तेव्हा कळले की उंदीर कुरतडतात आणि झोपलेल्याला वेदना होत नाही. तेव्हापासून घरी परतणाऱ्या रुग्णांसोबत मांजर देण्याची पद्धत पडली. बोटे रोग खात नव्हता. वेदना हरपल्यामुळे झालेल्या जखमा खात होत्या, आणि जखमा टाळता येतात. मग नावाजलेला सर्जन चपलांच्या मागे लागला. बधिर पावलावर कुठे भार पडतो, कोणता तळ मऊ, कोणता खिळा घातक, हे त्याने चांभारकाम करणाऱ्यांच्या सोबतीने शोधले. मऊ रबराच्या तळाची एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल आज देशभरातील कुष्ठरुग्णांना दिली जाते. पाय धुण्याच्या त्या प्रसंगाचा याहून शब्दशः अर्थ लावलेला मला ठाऊक नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आणि गंभीर आहे: ही सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष. 1954 साली तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने 1956 च्या अहवालात शाळा-दवाखान्यांच्या अशा वापरावर बोट ठेवले होते. गांधीजींचाही हाच आक्षेप होता. तो उडवून लावता येणार नाही, कारण आजारी माणूस नाही म्हणण्याइतका मोकळा नसतो. परंतु या सेवेचा निकष तिच्या मूळ कथेतच दिला आहे. त्या रात्री ज्यांचे पाय धुतले गेले त्यांत यहूदाही होता, आणि तो त्यानंतर विश्वासघातासाठी उठून गेला. मोबदल्याच्या अपेक्षेने पाय धुतले असते तर त्याला वगळले असते. म्हणून जिथे उपचाराला श्रद्धेची अट जोडली जाते तिथे ख्रिस्ती सेवाच मोडते. हे बाहेरच्या टीकाकारांनी सांगण्याआधी चर्चने स्वतः सांगायला हवे.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. नम्रतेचा उपदेश आधीच खाली दाबलेल्यांना केला जातो: परिचारिकांना, सफाई करणाऱ्यांना, घरातल्या बायकांना. पण त्या प्रसंगात खाली बसतो तो गुरू. आज्ञा वरच्या जागेवरच्यांना आहे. सेवाभावाचे गोडवे गाऊन परिचारिकेला तुटपुंजा पगार देणारी संस्था ही आज्ञा उलटी वाचते. सेवेने अन्याय झाकायचा नसतो. तिने तो दाखवून द्यायचा असतो. कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवणारा 1898 चा कायदा 2016 मध्ये रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण 2019 मध्ये कायद्यातून निघाले. इतका उशीर झाला तो कायदा करणारे या माणसांपासून दूर राहिले म्हणून, असे मी म्हणेन.

ही वाट फक्त ख्रिस्ती माणसांची आहे असा दावा करण्याचे कारण नाही. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले, वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन. दोघांची प्रेरणा वेगळी, बसण्याची जागा तीच. ख्रिस्ती परंपरेचे वैशिष्ट्य एवढेच की तिने ही जागा देवाचीच मानली, त्यामुळे तिच्या अनुयायाला ती टाळायला सबब उरत नाही.

भारतात आजही दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे कुष्ठरुग्ण आढळतात. त्वचेवर फिकट वा लालसर, बधिर चट्टा दिसला, तर स्वतःचा असो की घरकाम करणाऱ्या बाईंचा, जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात दाखवा. औषध फुकट मिळते. सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो.