जुनी स्टीलची फ्रेम: पोचा चालेल, सुरकुती नको



इकडे जुनी सायकल घेणारे आपल्यात बरेच आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

स्लाऊत नवीनच आलेल्या एका मित्राने ४० पौंडांना एक जुनी सायकल घेतली. रोज स्टेशनपर्यंत जायचं आणि सुट्टीला मागच्या सीटवर लेकीला बसवून ज्युबिली नदीच्या काठाने फिरायचं, असा बेत. फ्रेमवर 'रेनॉल्ड्स ५३१'चं स्टिकर, आडव्या दांड्याला पोचा, आणि हात सोडला की सायकल एका बाजूला ओढते. "वेल्डिंग करून घेऊ का रे?" असा त्याचा प्रश्न.

५३१ हे बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली आणलेलं मँगनीज-मॉलिब्डेनमचं पोलाद. नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ, त्यामुळे वजन कमी, पण मध्यभागी पोचा पटकन पडतो. गावाकडच्या काळ्या सायकलची जाड नळी कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला जोडून देतो आणि ती पुढे वर्षानुवर्षं चालते. ५३१ ला तो उपाय लागू नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याशेजारचा भाग कमकुवत होतो. म्हणून तिचे सांधे कमी तापमानाला, पितळेच्या किंवा चांदीच्या डाखाने जोडतात.

आम्ही तीन गोष्टी पाहिल्या.

१) पोचा: उथळ, कडा गोलसर, चीर नाही. असा पोचा दिसायला वाईट, पण सहसा धोक्याचा नसतो.

२) मागचा त्रिकोण: मागच्या चाकाच्या एका खाचेपासून दोरा हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणला. सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर सारखं हवं. इथे ६ मिमीचा फरक निघाला. पण स्टील न तापवता वाकवून सरळ करता येतं. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या बाबतीत तसं करू नये.

३) तिरकी नळी, हँडलच्या लगेच मागे, खालच्या बाजूने: इथे बोटाला बारीक सुरकुती लागली, आणि तिच्यावरच रंग तडकलेला. म्हणजे सायकल कधीतरी समोरून जोरात आदळलेली. ब्रेक दाबला की ताण नेमका इथेच येतो. ही नळी तुटली तर माणूस तोंडावर पडतो.

मी त्याला स्पष्ट सांगितलं, लेकीला हिच्यावर बसवायचं नाही, आणि तूही बसायचं नाहीस. कसबी फ्रेमवाला ती नळी बदलून देऊ शकतो, पण खर्च ४० पौंडांच्या कितीतरी पट. चाकं, ब्रेक आणि सीट त्याने दुसऱ्या धडधाकट फ्रेमवर चढवली.

तुम्ही घ्याल तेव्हा पैसे देण्याआधी सायकल उलटी करा. पॅडलच्या आसाखाली फ्रेमचा नंबर कोरलेला असतो. तो 'बाइकरजिस्टर'वर टाकून चोरीची नोंद आहे का ते फुकट बघता येतं. मग त्या तिरक्या नळीवरून बोट फिरवा.

आणखी कोणाला असे अनुभव असतील तर जरूर लिहा.

कळावे.