न पटणारं अर्थशास्त्र मुद्दाम वाचा



"पगार वाढवायची सक्ती केली की दुकानदार पोरं कमी करणार." हे मी बॅचमध्ये छातीठोकपणे सांगायचो. बीबीएला तेच शिकलो, गल्ल्यावर बसूनही तेच वाटायचं. मग एकाने विचारलं, "सर, याच्या उलट काही वाचलंय का?" खरं सांगतो, नव्हतं वाचलं.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात ते ४.२५ च राहिलं. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडची मिळून ४१० फास्ट फूड रेस्टॉरंट घेतली आणि वाढीच्या आधी व नंतर किती माणसं कामाला आहेत ते विचारलं. नोकऱ्या घटल्याचं दिसलंच नाही. खाण्याचे दर मात्र न्यू जर्सीत थोडे चढले. पेपर १९९४ चा. कार्डना २०२१ ला नोबेल मिळालं.

मी लगेच म्हणालो, "अमेरिकेचं इथे काय?" पळवाट होती ती. तोच अभ्यास माझ्या बाजूचा निघाला असता, तर स्लाइड बनवून दाखवला असता की!

पुढे डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी पगाराच्या नोंदी घेऊन तेच तपासलं, तर त्यांना नोकऱ्या घटलेल्या दिसल्या. मी खूश! तिथेच थांबणार होतो. पण कार्ड-क्रूगरनी २००० साली सरकारी नोंदी घेऊन पुन्हा उत्तर दिलंय, तेही वाचावं लागलं. भांडण अजून मिटलेलं नाही.

मग स्वतःची वही काढली. माझं हार्डवेअरचं दुकान. दोन वर्षांत तीन पोरं गेली, दर वेळी हजार-दीड हजारासाठी. नव्या पोराला एल्बो, टी, कपलिंगचे साइझ कळायला दोन महिने लागतात. तोवर चुकीचा माल जातो, परत येतो, आणि प्लंबर वैतागून समोरच्या दुकानात. हे नुकसान मी पगाराच्या हिशेबात कधी धरलंच नव्हतं.

यंदा जुन्या पोराचे दीड हजार वाढवलेत. जमतंय का, आत्ताच सांगता येणार नाही, चारच महिने झालेत. दिवाळीनंतर हिशेब झाला की व्हिडिओत आकडे दाखवतो, उलटे आले तरी.