भिंतीवरची पेटी

विजेची मोटार घरीं आली कीं तिच्यामागोमाग भिंतीवर एक पेटी येते, आणि सर्वजण तिला 'चार्जर' म्हणूं लागतात. हें नांव यथार्थ नाहीं, आणि ह्या नांवामुळेंच पुष्कळ कुटुंबांचा पैसा नाहक खर्च होतो असें आम्हांस वाटतें. बॅटरींत भरावयाची वीज एकाच दिशेनें वाहणारी असावी लागते; आपल्या घरीं येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनें करीत उलटसुलट वाहते. एकीचें दुसरींत रूपांतर करणारें जें यंत्र तोच खरा चार्जर, आणि घरगुती वापरापुरता तो मोटारीच्या पोटांतच बसविलेला असतो. (हमरस्त्यावरील जलद चार्जिंगचीं स्थानकें निराळीं, तेथें हें रूपांतर बाहेरच होतें.) भिंतीवरची पेटी म्हणजे पुष्कळशी खबरदारी घेणारें एक मोठें बटण, इतकेंच.

पूर्वीं मात्र असें नव्हतें. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं अमेरिकेंत 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' नांवाच्या विजेच्या मोटारी चालत. हेन्री फोर्ड ह्यांचा कारखाना पेट्रोलच्या मोटारी बनवीत असतां त्यांच्या पत्नी क्लारा फोर्ड ह्या स्वतः ही विजेची मोटार वापरीत, ही मौज सर्वश्रुत आहे. अशी मोटार घरीं भारावयाची तर विजेचें रूपांतर करणारें पाऱ्याच्या वाफेचें यंत्र मोटारखान्यांत ठेवावें लागे. त्याच्या कांचेच्या फुग्यांत निळसर प्रकाश खेळत असे. तो सारा व्याप आज मोटारींत गेला आहे. भिंतीवर उरलेलें काम अगदीं साधें झालें, आणि नेमकी आतांच ती पेटी अवघड करून ठेवण्याची हौस कारखानदारांस सुटली आहे.

आमच्या पुण्याच्या घरीं तीन भावांचा एकत्र संसार आहे, व मोटार एकच. थोरल्या काकूंस आठवड्यांतून तीनदां डायालिसिससाठीं न्यावें लागतें. सकाळीं ६ ची वेळ ठरलेली, आणि ती चुकवून चालत नाहीं. पेटी बसविली होती पुतण्यानें, त्याच्या दूरध्वनीवरील ॲपच्या आधारें. पुढें तो नोकरीसाठीं बंगळूरास गेला. तेव्हांपासून घरांतल्या मोटारीला वीज द्यावयाची ती बंगळूरच्या परवानगीनें, असा प्रकार सुरू झाला. "अरे, दिवा लावायला कुणी परगांवी फोन करतं का?" असें काकू विचारीत, आणि त्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

जुलईंतल्या एका रात्रीं वीज दोनतीनदां जाऊन आली आणि पेटीवर तांबडा दिवा लागला तो लागलाच. मोटारींत १८ टक्के वीज शिल्लक, आणि सकाळीं इस्पितळाची पाळी. अशा वेळीं प्रथम काय पाहावें, तें सांगतों. पेटीचें एमसीबी पडलें आहे काय तें पाहावें. मग दोष मोटारींत कीं पेटींत ह्याचा निवाडा करावा. मोटारीबरोबर बहुधा एक सुटी केबल मिळते. ती लोक डिकींत टाकून विसरतात. ती घराच्या १५ अँपिअरच्या, चांगलें अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावली आणि मोटारीनें वीज घेतली, कीं मोटार निर्दोष ठरली. आमची केबल १० अँपिअर घेणारी, म्हणजे तासाला सुमारें २.३ युनिट. रात्रीं ९ ला लावली. पहाटे ५ ला आकडा ५८ वर आला होता, आणि काकू वेळेवर पोहोंचल्या.

दुसऱ्या दिवशीं वायरमननें पेटी उघडली. आंत येणारी वीज ठीक, अर्थिंग ठीक. वीज जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर, जो खरा कष्टकरी भाग, तोही धडधाकट. निकामी झालें होतें तें इंटरनेटशीं बोलणारें सर्किट. विकणाऱ्या कंपनीकडे विचारतां उत्तर आलें कीं तो भाग सुटा मिळत नाहीं, पेटी नवीच घ्या. जो अवयव आम्हांस कधींच नको होता, तोच मेल्यामुळें हातपाय शाबूत असलेलें यंत्र टाकावें लागलें. असा प्रसंग केवळ आमच्यावरच येतो असें नाहीं. २०२४ च्या ऑक्टोबरांत 'एनेल एक्स वे' ह्या कंपनीनें उत्तर अमेरिकेंतील व्यवसाय बंद करीत असल्याचें जाहीर केलें, आणि तिच्या 'ज्यूसबॉक्स' पेट्या घरीं असलेल्यांस कळविलें कीं पेट्या वीज देत राहतील, पण ॲपचा आधार संपला.

साध्या पेटीचें चालतें कसें, हें एकदां समजलें कीं तिच्याविषयींची शंका उरत नाहीं. मोटार आणि पेटी ह्यांचें संभाषण केबलींतल्या एका बारीक तारेवरून होतें. पेटी त्या तारेवर १२ व्होल्टचा दाब ठेवते. मोटार जोडली कीं तिच्यांतील रोधामुळें तो ९ वर उतरतो. मोटार वीज घेण्यास सिद्ध झाली कीं ६ वर. मगच कॉन्टॅक्टर मिटतो. म्हणून हातांतल्या मोकळ्या प्लगमध्यें वीज नसते, हें घरांतल्या मुलांच्या दृष्टीनें फार महत्त्वाचें. किती वीज घ्यावी हें पेटी सेकंदाला १००० ठोके देऊन सांगते: प्रत्येक ठोका आपल्या वेळेपैकीं सुमारें २७ टक्के टिकला तर १६ अँपिअर, ५३ टक्के टिकला तर ३२. एवढ्या संवादाला इंटरनेट लागत नाहीं कीं कुणाचा दूरध्वनी लागत नाहीं.

नवी पेटी घेतांना धाकट्या भावाचा आग्रह ३२ अँपिअरचा होता. आम्हीं वही घेऊन बसलों. इस्पितळ ११ किलोमीटर. पोंचविणें आणि आणणें मिळून ४४. इतर कामें धरून ६५. एका युनिटला ६ किलोमीटर धरले तर ११ युनिट, वाटेंतली गळती धरून १२. १६ अँपिअरवर हें काम साडेतीन तासांत होतें, आणि रात्र तर दहा तासांची. शिवाय तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह निम्मा केला कीं उष्णता चौथाईवर येते. सकाळीं दोन गीझर चालू असणाऱ्या घरांत मंजूर भाराचाही विचार हवा. तेव्हां आंतल्या एका खटक्यानें प्रवाह ठरवितां येईल अशी, आय.एस. १७०१७ ह्या भारतीय मानकाची, ॲपविरहित पेटी घेतली व ती १६ वर लावली. जुन्या पेटीच्या जवळजवळ निम्म्या किंमतींत ती आली. तिच्यासाठीं ३० मिलिअँपिअरचें स्वतंत्र आरसीसीबी बसविलें. एकाच दिशेनें वाहणाऱ्या विजेची ६ मिलिअँपिअरची गळती ओळखण्याची सोय पेटींतच आहे, ही खात्री आम्हीं खरेदीपूर्वींच करून घेतली. येथें काटकसर करूं नये.

गमावलें कांहींच नाहीं असें म्हणणें अप्रामाणिकपणाचें होईल. किती युनिट खर्च झाले तें पुतण्या बंगळुरांत बसून सांगे, तें आतां बंद झालें; त्यासाठीं वायरमनकडून एक साधें सबमीटर बसवून घेतलें. वेळ ठरविण्याची सोय मोटारींतच असते, ती वापरावी. जेथें एका इमारतींत वीसपंचवीस मोटारी एकाच जोडणीवर उभ्या राहतात, तेथें भार वांटून देणारी हुशार पेटीच योग्य. तेथें आमचा सल्ला लागू नाहीं.

हल्लीं मोटारीचा प्लग काकू स्वतः लावतात. सबमीटरचा आंकडा दुधाच्या हिशेबाच्या वहींत मागच्या पानावर लिहिला जातो, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेस आरसीसीबीचें चांचणीचें बटण दाबून तें पडतें कीं नाहीं हें पाहण्याचें काम धाकट्या भावाकडे दिलें आहे.